निरोगी माणसाचं रक्त

कोम सवाकी, ११ जानेवारी २०००

रश्वानभाऊजींस,

तुमच्या वहिनीचा, तफीदाचा सलाम. तुम्ही बरे असालच. असियूतच्या इस्पितळात पांढरा कोट घालून बसणाऱ्याला काय धाड भरलीय!

खलफ सुटला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आला. मी छतावर भाकरीचे गोळे उन्हात फुगायला ठेवत होते. गाडीतून एक म्हातारा उतरला आणि मला वाटलं, खलफचा बापच थडग्यातून उठून आला. नीट बघितलं तर खलफ स्वतः. डोळे हळदीसारखे पिवळे, गालफडं बसलेली, हाताच्या काड्या. तुरुंगात लिव्हर गेलं म्हणतात. हाच तो, भाऊजी, ज्यानं पाण्याच्या पाळीवरून तुमच्या भावाला उसात आडवा पाडला आणि छातीवर गुडघा रोवून कोयता चालवला. तुम्ही तेव्हा परीक्षेला बसला होतात, तुम्ही पाहिलं नाहीत. मी जेवण घेऊन जात होते, मी पाहिलं. फरगलीचा गळा एका घावात तुटला नाही. म्हणून त्या कसायानं कोयता उसाच्या पाल्याला पुसला आणि पुन्हा हात उचलला.

त्याला असा खंगलेला बघून मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी छतावर बसून कपाळ बडवून घेतलं. हा खाटेवर पडून, बायकोच्या हातचं सरबत पिऊन मेला, तर माझ्या हाती काय राहिलं?

या घरी सात वर्षं कुणी दुखवट्याला आलेलं नाही. मी येऊ दिलं नाही. मांडव नाही, कुराण नाही, बिनसाखरेची कॉफी नाही. रक्त घेतल्याशिवाय रडायचं नाही ही आपली रीत, आणि मी रडले नाही. तुम्ही शिकलात, शहरात गेलात, बंदूक हातात घेणार नाही म्हणालात, मी तुम्हाला नामर्द म्हटलं, तुमचं तोंड बघायचं सोडलं. रीत काही तुमच्या डिग्रीनं बदलली नाही.

आता मुद्द्याचं. तुहामीकाकांनी आपल्या घराण्यातल्या पुरुषांना बसवलं होतं. काका म्हणाले, मरायला टेकलेल्या माणसाला मारणं म्हणजे मेल्या कुत्र्याला लाथ घालणं, ते रक्त धरत नाहीत. निरोगी माणसाचंच रक्त धरतात. खलफ संपलाच असेल तर नाव त्याच्या पाठच्यावर जाईल. पाठचा म्हणजे जाबिर मास्तर, ज्यानं आपल्या हर्बीला अक्षर शिकवलं. आणि मारायचं हर्बीनं, कारण तो मुलगा, आणि त्याचा काका, म्हणजे तुम्ही, असून नसल्यासारखा.

खलफच्या पोटात सुई घालून लिव्हरचा तुकडा काढलाय आणि तो तुमच्याच इस्पितळात गेलाय. कागद येईल तसं ठरवू, असं काकांनी सांगितलंय. ते तुकडे काचेवर ठेवून बघायचं काम कुणाचं आहे ते मला ठाऊक आहे. तुमचं.

तर लिहा: लिव्हर ठणठणीत. तेवढ्यावर खलफचा मुडदा पडेल आणि मी मोकळी होईन. बंदूक नाही धरलीत तर नाही. पेन तरी धरा.

तफीदा

कोम सवाकी, २ फेब्रुवारी

रश्वानभाऊजी,

पत्र पोचलं. हर्बीचा स्वेटर पोचला. तो त्याच्या दंडावरूनच वर जात नाही. पोरगं वीस वर्षांचं झालंय, आणि तुमच्या डोळ्यांपुढं अजून ते शेळ्यांमागं पळतंय.

तुम्ही लिहिता, "रोग्याचं लिव्हर हे रोग्याचं गुपित, वहिनी, मला सांगता येणार नाही." आणि पुढं दोन पानं लिव्हर म्हणजे काय ते शिकवता. बरं बाबा, शिकले. चांगल्या लिव्हरचा तुकडा काचेखाली नीट आखलेल्या शेतासारखा दिसतो, सरीसरीनं पेशी आणि मधून रक्ताचे पाट. मग हा सी नावाचा विषाणू घुसतो. त्याला घाई नसते. पाटांच्या तोंडाशी सूज धरते. शरीराचे शिपाई तिथं धावून येतात आणि त्याला मारता मारता आपलंच शेत जाळतात. जळलं तिथं व्रण राहतो. या पाटाचा व्रण वाढत त्या पाटाच्या व्रणाला भिडतो आणि मधे बांध पडतो. असे बांध पडत पडत सगळं लिव्हर गाठीगाठींत तुटतं, कडक होतं, रक्ताला वाट उरत नाही, आणि मग पोटात पाणी भरतं. त्याला म्हणे शून्यापासून चारपर्यंत आकडे. चार म्हणजे परतीचा रस्ता बंद. याला वीसतीस वर्षं लागतात आणि माणसाला कळतसुद्धा नाही.

शेताच्या भाषेत समजावलंत, जशी काही मी गोठ्यातली म्हैस. मला धडा नको होता, आकडा हवा होता.

आणि ते बिल्हार्झियाच्या इंजेक्शनांचं कशाला उकरून काढलंत? हो, मला आठवतं. कालव्यातल्या किड्यावरचं औषध टोचायला सरकारी माणूस शाळेत आला होता. काचेची एक सिरिंज, तीच सुई, मधूनच कोमट पाण्यात बुचकळायची. रांगेत माझ्यापुढं फरगली होता, त्याच्यापुढं खलफ. खलफ असा बोंबलला की मास्तरांनी त्याच्या पाठीत घातली, आणि फरगली हसून हसून वाकला. मग? तुम्हाला काय म्हणायचंय, त्या कसायाचं रक्त माझ्या अंगात तेव्हाच आलं? असलं पुन्हा लिहाल तर पत्र चुलीत घालीन.

माझं अक्षर हललेलं दिसतं म्हणता. वीज जाते, अंधारात लिहिते. मला काही झालेलं नाही. फक्त झोप उलटी झालीय, दिवसा पेंग येते आणि परवा कालवणात मीठ दोनदा पडलं. हर्बी बिचारा मुकाट्यानं जेवला.

तो हल्ली रोज उसात जाऊन डब्यांवर नेम धरतो. नेम बरा बसतो. बापावर गेलाय.

तफीदा

कोम सवाकी, २० फेब्रुवारी

भाऊजी,

कागद अजून आला नाही. एक तुकडा बघायला इतके दिवस? मी एवढ्यात अख्खा बैल कापून, वाटून, खाऊन मोकळी झाले असते.

आता सांगते त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. खलफ माझ्या दारात आला होता. भर दुपारी. हर्बी गिरणीवर ऊस घालायला गेला होता, तेवढं साधून आला. काठी घेतली नव्हती. पायघोळ गलाबियाच्या आतून कमरेला, पोटाला फेट्याचं कापड करकचून बांधलं होतं, पोट दिसू नये म्हणून. तरी मला दिसलंच.

म्हणाला, "हर्बीच्या आई, पोराला सांग, लवकर उरक."

मी थुंकले. तोंडावरच. त्यानं बाहीनं पुसलं.

"थुंक. तुझा हक्क आहे. पण ऐकून घे. मी कफन हातावर घेऊन, अनवाणी, सगळ्या गावादेखत तुझ्या दारी यायला तयार आहे. माफ करायचं तर कर, नाहीतर तिथंच माझी मान काप."

"ये की," मी म्हटलं. "त्याच कफनात तुला गुंडाळून कालव्यात ढकलीन. माफी! गळा कापताना आठवली नाही ती?"

"तेच म्हणतोय ना मी. माफ नको करूस, मार. पण कागद यायच्या आत मार. चार येणार, मला तुरुंगातल्या डॉक्टरानंच सांगितलंय. चार आला की तुझे काका माझं नाव सोडतील आणि जाबिरच्या मागं लागतील. अगं, जाबिरनं काय घोडं मारलंय तुमचं? त्यानं आयुष्यात कोंबडी कापली नाही, त्याची बायको कापते. मी रोज सकाळी पाण्याच्या चाकापाशी बसतो. एकटा असतो. अजून आपल्या पायावर उभा राहतो, अजून माणसासारखा दिसतो. आणखी महिन्यानं तेही नसेल."

भाऊजी, माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! सात वर्षं मी एकच चित्र बघून झोपत होते: हा माझ्या पायाशी लोळतोय आणि "मारू नको" म्हणतोय. आणि हा मुडदा बशिवला "मार" म्हणतोय! मारलं तर त्याचंच काम केल्यासारखं. मी त्याची मोलकरीण आहे का?

मी म्हटलं, "तुला हवं ते मी देणार नाही. जाबिरच जाणार. तू खाटेवर पडून बघ. तुझ्या अंगणात तुझ्या भावाला न्हाऊ घालतील, त्याची पोरं छाती पिटतील, मग तू सावकाश मर."

तेव्हा मात्र तो लोळला. चौकट धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मी दार लोटलं. त्याची बोटं फटीत होती. मला ती दिसत होती. मी खांदा लावून आणखी रेटलं, हाड वाजेपर्यंत. तो ओरडला नाही.

रात्री हर्बीला सांगितलं, कागदाची वाट कशाला बघायची, गावाला डोळे आहेत. खलफ संपला. तू जाबिरच्या मागं लाग.

तो म्हणाला, "मास्तरांच्या?"

मी म्हटलं, "तुझा बाप तुझा मास्तर नव्हता वाटतं?"

तफीदा

कोम सवाकी, ५ मार्च

भाऊजी,

हर्बीनं गोळी घातली. जाबिर जिवंत आहे.

शाळा सुटल्यावर मास्तर उसाच्या कडेनं सायकलवरून येत होते. हर्बी पाल्यात बसला होता. त्यानं नीट नेम धरला होता म्हणे, पण मास्तरांनी तेवढ्यात कुणाला तरी हाक मारायला मान वळवली आणि गोळी कान घेऊन गेली. अख्खा कान नाही, वरची पाळी. मास्तर सायकलसकट पाटात पडले. पाटाचं पाणी लाल झालं. हर्बी पळाला नाही, बघत उभा राहिला. मास्तरांनीही त्याला बघितलं. दोघांची नजरानजर झाली आणि मास्तर त्याला म्हणाले, "घरी जा, हर्बी." नुसतं तेवढं. जसं काही गृहपाठ राहिला म्हणून घरी पाठवतायत.

पोलीस आले तर जाबिरनं सांगितलं, कोयता निसटला, कान कापला. सायकलवर कसला कोयता, असं जमादारानं विचारलं. हा म्हणाला, तोच तर मूर्खपणा झाला.

तुहामीकाका अंगणात येऊन मला वाटेल ते बोलले. "बाई, तुला वेड लागलंय का? कागद आला नाही तोवर खलफ निरोगीच धरायचा. निरोगी थोरला सोडून धाकट्याला मारलंस तर ते फेडणं नव्हे, ती नवी कळ. त्यांचं रक्त उलट आपल्यावर चढेल आणि तुझ्या पोराला घेऊन जाईल!" काकांचं चुकलं नव्हतं.

ते गेल्यावर मी हर्बीच्या दोन मुस्कटात ठेवून दिल्या. चुकलास म्हणून की झाडलीस म्हणून, माझं मलाच कळलं नाही. त्यानं खाल्ल्या. आधी तो मोरीत जाऊन ओकून आला होता, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण मार खाल्ल्यावर तो शांत झाला. भाकर मागितली. गुळाच्या काकवीत बुडवून पोटभर खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाला, "आई, कागद आला की मी पुन्हा जाईन. आता नाही चुकणार. पहिल्यांदाच कठीण असतं."

भाऊजी, त्याच्या तोंडावर काही नव्हतं. राग नाही, भीती नाही. उसात कोयता पुसताना खलफचं तोंड असंच होतं. मी सात वर्षं जे तोंड विसरायचा प्रयत्न केला ते माझ्याच ताटावर बसून जेवत होतं. मला भीती वाटली. हे मी तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

मी त्याला मारायला शिकवलं. चांगलं शिकला.

कागद कधी पाठवणार ते मला कळवा. आधी कळवा, मग पाठवा.

तफीदा

कोम सवाकी, ९ मार्च, गुरुवार

भाऊजी,

तुमची चिठ्ठी बसच्या ड्रायव्हरनं आणून दिली. कागद तयार आहे आणि रविवारी निघेल. बरं. आकडा लिहिला नाहीत, पण तुमचं "वहिनी, मला माफ करा" वाचून आकडा कळला.

रविवारी नको. रविवारी निघाला तर सोमवारी काका वाचतील आणि मंगळवारी हर्बी उसात बसलेला असेल. टेबलाच्या खणात ठेवा, साहेब रजेवर आहेत सांगा, शाई सांडली सांगा, तुमचं शिक्षण कशाला आहे? मी सांगेपर्यंत तो कागद इस्पितळाबाहेर पडता कामा नये.

तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून खरं सांगते. पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा राहतो. हात समोर धरले की पंजे आपोआप फडफडतात, आवरत नाहीत. हिरड्यांतून रक्त येतं. परवा मी अंगणात उभी होते आणि हे कुणाचं घर तेच मला क्षणभर सुचेना. तुम्ही म्हणता ताबडतोब या, तुकडा काढून बघू. कशाला? रांगेत मीही होतेच की. माझं मला कळलं.

बसून विचार करते. आजाऱ्याला मारू नये हे काकांनी सांगितलं. आजाऱ्यानं मारू नये, असं कुणी सांगितलेलं नाही. आणि बाईनं घेतलेलं रक्त आपल्याकडं धरतात, उलट मानानं धरतात.

हर्बीला उद्या गिरणीवर पाठवतेय. उरलेल्या भाकऱ्या पोत्यात बांधून ठेवल्यात, महिनाभर पुरतील. तुमच्या भावाचा गावठी कट्टा मी तेल घालून ठेवलाय.

तफीदा

सोहागचा तुरुंग, बायकांचा दवाखाना, ३० मार्च

भाऊजी,

इथं कागद मागितला तर मिळतो. माझं अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा.

गावात काय बोलतात ते तुम्ही ऐकलंच असेल. खरं काय घडलं ते आता मी आणि जाबिर, दोघांनाच माहीत आहे. तुम्ही तिसरे.

शुक्रवारी सकाळी मी चाकापाशी गेले. कट्टा शालीत होता. खलफ दगडावर बसला होता. मला बघून उठला. उठताना त्याला त्रास झाला, पण उठला, शेजारच्या माठाच्या घडवंचीला हात लावून. वाटसरूंना पाणी मिळावं म्हणून तिथं मोठा माठ ठेवलेला असतो, तो. त्याची बोटं अजून काळी होती.

"तू?" म्हणाला. "पोरगा कुठाय?"

"पोराचं नाव घेऊ नको."

त्याला समजलं. मान हलवली. मग कपडे सारखे केले, खांदे मागं घेतले आणि म्हणाला, "छातीवर धर. पोटात मारू नको, हर्बीच्या आई. पोटात पाणी आहे. बाहेर आलं तर सगळ्यांना दिसेल."

मी त्याला फरगलीचं नाव घेऊन सांगायचं म्हणून सात वर्षं काय काय पाठ केलं होतं! एक शब्द आठवला नाही. छातीवर धरला आणि चाप ओढला. पण हात, भाऊजी. हे मेले पंजे. ऐन वेळी फडफडले आणि गोळी पोटात गेली.

तो बसला. आधी रक्त आलंच नाही. पिवळं पाणी आलं, चिळकांडी उडाली, माझ्या पायावर कोमट पाणी. कमरेचं कापड भिजलं, गलाबिया भिजला, जमीन भिजली. पोट बघता बघता खाली गेलं. त्याच्याकडं बघवत नव्हतं. तो दात खाऊन म्हणाला, "बघतेस काय? पुन्हा भर!"

मी दुसरं काडतूस काढलं. नळीत जाईना. एकदा हातातून पडलं, मातीत शोधलं. शाळेच्या बाजूनं माणसांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला होता. मी रडकुंडीला आले. तेव्हा त्यानं हात पुढं केला. "आण इकडं." आणि मी दिला. फरगलीचा कट्टा मी खलफच्या हातात दिला! त्यानं मनात आणलं असतं तर मला तिथंच उडवली असती. त्यानं काडतूस सारलं, नळी बंद केली, दस्ता माझ्याकडं करून परत दिला आणि नळीचं तोंड स्वतःच आपल्या छातीवर टेकवून धरलं. काळ्या बोटांनी.

म्हणाला, "आता नाही हलणार."

मी चाप ओढला.

आवाजानं माझे कान बसले. तो मागं पडला, डोळे उघडे. छातीतून रक्त आलं, भरपूर, जसं यायला हवं तसं. पण खाली ते पाणी. जो बघेल त्याला कळलं असतं की ही पाण्यानं भरलेली, मरायला टेकलेली कुडी होती. मग काका म्हणाले असते, हे रक्त धरत नाही, आणि हर्बी पुन्हा उसात बसला असता. मी घडवंचीवरचा माठ उलथला. अंगात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, पोटावर, पायावर, मातीवर. माठ फुटला.

जाबिर पहिला पोचला. कानाला पट्टी, धापा टाकत. त्यानं भावाकडं बघितलं, पोटावरचं भोक बघितलं, ते सपाट झालेलं पोट बघितलं. मग माझ्याकडं. मी हातात माठाचा काठ धरून उभी. त्याला एका क्षणात सगळं उमगलं, मास्तर आहे तो. त्यानं माझा गळा दाबला असता तरी मी हात उचलला नसता.

त्यानं आपली शाल काढली. भावाच्या पोटाला घट्ट गुंडाळली, वरून गलाबिया ओढला. आणि माणसं जवळ आली तसा त्यानं छाती पिटून असा टाहो फोडला की चाकाचा बैल दावं तोडून पळाला.

"माझा वाघ मारला! अरे, माझा धडधाकट भाऊ मारला! काल माझ्याशी पंजा लढवत होता रे!"

अंत्यविधीच्या आधी अंग धुतलं तेही त्यानंच, एकट्यानं. दुसऱ्या कुणाला आत येऊ दिलं नाही. तुहामीकाकांनी दोन्ही घरच्या पुरुषांसमोर सांगितलं, फिटलं. निरोगी माणसाच्या बदली निरोगी माणूस, आता कुणाचं कुणाकडं काही नाही. आणि तुमचा कागद अजून निघालेला नाही. भाऊजी, तुम्ही बंदुकीला हात लावणार नाही म्हणाला होतात. नाही लावलात. खणाला लावलात. मी तुम्हाला नामर्द म्हटलं होतं ते परत घेते.

इथला डॉक्टर म्हणतो, माझंही चार. कोर्टाची तारीख लागेपर्यंत मी असेन असं त्याला वाटत नाही. त्याला वाईट वाटतं बिचाऱ्याला, तरुण आहे.

हर्बी काल भेटायला आला. जाळीच्या पलीकडं बसून राहिला. मग म्हणाला, "आई, ते माझं होतं. तू का घेतलंस?" मी म्हटलं, "तुला पचलं नसतं." तो म्हणाला, "पचलं असतं." मी म्हटलं, "त्याचीच मला भीती होती, बाळा." तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडला, सगळ्या पहारेकरणींसमोर, नाक गळेपर्यंत. मला इतकं बरं वाटलं.

येत्या गुरुवारी घरासमोर मांडव घालायचा आहे, तुमच्या भावाच्या दुखवट्याचा. सात वर्षं राहिलेला. हर्बीला रीतभात माहीत नाही, कुणाशी हात मिळवायचा, कुणाला उठून उभं राहायचं. तुम्ही या आणि धाकटा भाऊ म्हणून पहिल्या खुर्चीवर बसा. कॉफीत साखर घालू देऊ नका. जाबिर येणार आहे, त्यानं निरोप पाठवलाय. तो आला की उभे राहा आणि त्याचा हात हातात घ्या.

परवा दुपारी इथं माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई तांदूळ निवडत होती. काही कारण नव्हतं. मला एकदम फरगली आठवला, कोयत्याखालचा नाही, साधा. अंगणात बसून पायातला काटा काढताना, आणि निघत नाही म्हणून मला हाक मारताना. आणि मी रडायला लागले. असं रडले, भाऊजी, की त्या बायका घाबरून दार वाजवायला लागल्या. डॉक्टर धावत आला, त्याला वाटलं पोटात दुखतंय. मी त्याला हातानं म्हटलं, थांब, रडू दे.

तुम्हीही तिकडं एकटेच तोंड दाबून बसला असाल इतकी वर्षं. आता रडून घ्या. मोठ्यानं रडा.

तुमची वहिनी,
तफीदा